सात बोटं रबर

“मी येत न्हाई,” आण्णा म्हणाले आणि त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

सकाळचे सात वाजले होते. शालन, माझी बायको, चहाचा कप घेऊन दारात उभी होती. मी माझ्या वडिलांच्या पायाशी बसून त्यांच्या डाव्या अंगठ्याला चिमटा काढत होतो. अंगठा माझा नाही आणि त्यांचाही नाही, असा पडून होता.

“काही कळतंय का?”

“कळतंय की. तू चिमटा काढतोयस ते दिसतंय मला.”

“आण्णा, चारची वेळ दिलीय डॉक्टरांनी. आज दाखवलं नाही तर पायातली ताकद परत येईलच असं नाही, म्हणालेत.”

“एक गेला तर गेला. दुसरा हाय.”

“ॲम्ब्युलन्स बोलावू?”

“मी मेल्यावर बोलव. तवा धक्क्याचं काय वाटायचं न्हाई.”

एवढं बोलून त्यांनी चादर तोंडावर ओढली, जणू जास्तीचं काही तोंडातून निसटलं होतं.

ह्याला आता अकरा वर्षं झाली. आण्णा तेव्हा बहात्तरचे. ओढ्याकाठी बाभळीचं एक खोड बघायला गेले आणि घसरून पडले. खोडाचं त्यांना काही करायचं नव्हतं, नुसतं बघायचं होतं. मणका मोडला. मिरजेला ऑपरेशन होऊन पाठीत दोन सळ्या बसल्या, पंधरा दिवसांनी मी त्यांना माझ्याच गाडीतून घरी आणलं. महिनाभर बरं चाललं आणि मग चार दिवसांपासून डावा पाय बधिर होत गेला. मिरज आमच्यापासून साठ किलोमीटर. आण्णांना आयुष्यात साठ किलोमीटरला कधी भ्यालेलं मी पाहिलं नव्हतं. बैलगाडीनं ते चिंचणीच्या बाजाराला जाऊन यायचे आणि आल्यावर पुन्हा रंधा हातात घ्यायचे.

ते चाकांचे सुतार. नरसू सुतारानं केलेलं चाक म्हटल्यावर माणसं भाव विचारायची नाहीत, दिवस विचारायची. बाभळीचा तुंबा मध्ये, त्यात बारा आरे, भोवती पाटे, आणि मग शेवटी त्या सगळ्याला घट्ट कवळणारी लोखंडाची धाव. धाव चढवायचा दिवस आमच्या अंगणात सणासारखा असे. शेणकुटांच्या आगीत ते लोखंडी कडं लाल व्हायचं, चौघेजण चिमट्यांनी ते उचलून चाकावर बसवायचे, लाकूड भसकन पेटायचं आणि त्याच क्षणी आण्णा म्हणायचे, “पाणी.” एवढाच एक शब्द. घागरी रित्या व्हायच्या, वाफेत आण्णा दिसेनासे व्हायचे, आणि आकसत्या लोखंडाखाली चाकाचे सांधे टकटक करत जागेवर बसायचे. माझी आई जात्यावर बसली की त्याच दिवसाची ओवी म्हणायची. तिची स्वतःची होती:

तापली गं बाई धाव, चाक पाण्यात चुरचुरे
माझ्या राजसाच्या हाताखाली, वाट लोण्यावाणी विरे

मी मात्र त्या दिवशी पुस्तक घेऊन मळ्यात पळायचो. मला धुराचं वावडं होतं. पुढे मी भूगोलाचा मास्तर झालो, गाड्या रबरी चाकांवर गेल्या, आणि आण्णांचा रंधा खुंटीवर गेला.

मी बाहेर ओसरीवर येऊन बसलो. शालन मागोमाग आली. तिच्या हातात आण्णांचा टॉवेल होता, रोज डोक्याला गुंडाळायचा तो.

“हे बघा.”

टॉवेलच्या एका कोपऱ्याचे दोरे निघाले होते. उंदरानं कुरतडल्यासारखा तो कोपरा विरून गेला होता.

“उंदीर?”

“दात हायत हे. तुम्ही त्यांना मिरजेहून आणलंत त्या दिवशी धुवायला टाकला होता. मला वाटलं फाटला असेल. आता ते धक्क्याचं बोलले तेव्हा डोक्यात आलं.” ती थांबली. “वाटभर चावत आलेत ते.”

“पण एका शब्दानं बोलले नाहीत. उलट म्हणाले, झकास गाडी चालते.”

“तुम्ही दर पाच मिनटाला विचारत होता ना, कसं वाटतंय, कसं वाटतंय. माणूस काय सांगणार?”

मला ते पटेना. कारण आण्णांना त्रास होऊ नये म्हणूनच, त्यांना घरी आणायच्या आदल्या दिवशी मी कोल्हापूरला जाऊन गाडीला नवी चाकं बसवून घेतली होती. चौदा इंची साध्या लोखंडी चाकांच्या जागी सतरा इंची चकचकीत अलॉय. गावातली पोरं येऊन हात लावून बघायची. इतकं करून धक्के बसतातच कसे?

चार-दोन पुस्तकं वाचलेल्या माणसाला असं कोडं पडलं की तो स्वतःवर कमी आणि वस्तूवर जास्त संशय घेतो. मला वाटलं, हवा जास्त झाली असेल. मी गाडी काढून फाट्यावर गेलो.

फाट्यावर जैबुनभाभी मुजावरांचं टायरचं दुकान. नवरा ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. दुकान भाभींचंच. पन्नाशीची बाई, बारीक अंगाची, साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट. ट्रकचं टायर उभं करून अंगणात लेकराला चालवावं तसं चालवत न्यायची. त्या वेळी त्या पाण्याच्या टाकीत ट्यूब दाबून बुडबुडा शोधत होत्या.

“या सर. आण्णांचं कसं काय?”

“आज मिरजेला न्यायचंय. यायला तयार नाहीत. गाडी आदळते. जरा हवा कमी करता?”

त्यांनी हात पुसले आणि गाडीभोवती एक चक्कर मारली. चाकासमोर उकिडव्या बसल्या. टायरवर बोटं आडवी ठेवून मोजली.

“ही कुणी बसवली?”

“कोल्हापूरला. मोठी आहेत. मोठं चाक खड्ड्यात कमी जातं ना.”

“कोण म्हणालं?”

मी आण्णांचं नाव घेतलं नाही. “असं असतं ना ते,” म्हणालो.

“तुम्ही शाळेत काय शिकवता?”

“भूगोल.”

“मग पृथ्वी एवढी मोठी, तरी भूकंप होतोच की.” त्या हसल्या नाहीत. हवेचं मीटर लावलं. “चाळीस.”

“खड्ड्यात रिम वाकू नये म्हणून एवढी ठेवा, म्हणाला तो.”

“बरोबर म्हणाला. कमी केली तर रिम जाती. जास्त ठेवली तर माणूस जातंय.” त्या उठल्या. “सर, तुम्ही ह्या गाडीत कायम स्टेअरिंगला बसता. मास्तराची जागा ती. आण्णा कुठं बसले होते?”

“पुढं, शेजारी. सीट मागं पाडून.”

“मग तिथं पडा तुम्ही. मी चालवते.”

मला वाटलं चेष्टा करतायत. त्यांनी माझ्या हातातून किल्ली घेतली. मी सीट मागे पाडून आडवा झालो, पट्टा लावला. समोर फक्त गाडीचं छत आणि काचेतून धावणारा बाभळीचा शेंडा.

“डोळे मिटा. आण्णांना काय दिसत होतं? दुखणारं माणूस रस्ता बघत न्हाई, सोसतं.”

मी डोळे मिटले. भाभींनी गाडी मिरजेकडच्या रस्त्याला घेतली. ह्या रस्त्यावरून मी रोज जातो. कुठला खड्डा कुठे आहे ते मला माझ्या वर्गातल्या मुलांसारखं पाठ आहे. पण त्या दिवशी रस्ता मी कधी न पाहिलेला होता. खडीचा एक एक दाणा कमरेत मोजता येत होता. डांबराचं एक ठिगळ संपून दुसरं लागलं की मानेच्या मागे कुणी टिचकी मारावी तसं व्हायचं. मोरीच्या तोंडाशी रस्ता जरासा खचला आहे. तिथे गाडी गेली आणि पाठीतून एक सणक दातांपर्यंत आली. माझे दात एकमेकांवर आपटले. माझा मणका शाबूत होता. माझ्या पाठीत सळ्या नव्हत्या.

“किती स्पीड होता?” मी विचारलं.

“पस्तीस. आण्णांना किती स्पीडनं आणलंत?”

पन्नास तरी असेल. नवी चाकं होती. मी रेडिओही लावला होता.

दोन किलोमीटर जाऊन त्या वळल्या आणि परत आणताना तोच खचका त्यांनी पुन्हा घेतला, मुद्दाम, मी विसरू नये म्हणून. दुकानापुढे गाडी थांबली तरी मला लगेच उठवेना.

“आता ऐका,” त्या म्हणाल्या. चाकाजवळ बसून त्यांनी मलाही खाली बसवलं. “गाडीच्या ह्या कमानीत मावंल तेवढंच चाक. बाहेरनं उंची तेवढीच राहती, चौदा घाला न्हाई तर सतरा घाला. तुमचं चाक मोठं झालं न्हाई सर. आतली रिम मोठी झाली, तेवढं रबर घटलं. हात लावा. किती बोटं?”

मी बोटं आडवी ठेवली. रिमच्या कडेपासून रस्त्यापर्यंत पाच.

“चौदाला सात असत्यात. धक्का खायचं काम ह्या रबराचं, आतल्या हवेचं. त्याला वाकाय, फुगाय जागा पायजे. रिम धक्का खात न्हाई, पुढं ढकलती. तुम्ही आण्णांच्या अंगाखालची गादी काढून पाट घातला, आणि पाटाला पॉलिश केलं.”

“तुम्ही हे कधी सांगितलं नाहीत.”

“तुम्ही कोल्हापूरला गेलात. मला कुठं विचारलंत?”

मी मान खाली घातली. त्यांनी ते पाहिलं आणि आवाज उतरवला.

“माझ्या सासूला असंच मणक्याचं होतं. टेंपोत घालून नेत होतो. मी मागं तिच्याशेजारी पडायचे. तिथनं कळाय लागलं मला, कुठला धक्का टायरचा, कुठला स्प्रिंगच्या पाट्याचा, कुठला डायव्हरचा. उभ्यानं गाडी कळत न्हाई, सर.”

दुकानामागे पत्र्याखाली त्यांच्याकडे माझ्याच मॉडेलची चार चौदा इंची चाकं होती. कुणीतरी हौशीनं मोठी बसवून ही टाकून गेला होता. “सगळे टाकून जातात,” भाभी म्हणाल्या, “मी पुसून ठेवते.” टायरवरची तारीख त्यांनी मला वाचून दाखवली, दीड वर्षाची होती. आतून हात फिरवून बघितला, कुठे फुगवटा नाही ना. मग जॅक लावला.

मी कडेला उभा राहून बघत होतो. चार चाकं, सोळा नट, आणि कुठेही घाई नाही. नट आधी हातानं बसवायचा, मग समोरासमोरचे आवळत जायचं, एका बाजूनं रांगेनं नाही. चाक सगळीकडून सारखं बसलं पाहिजे. आरे ठोकताना आण्णाही असेच समोरासमोरचे ठोकत. मी मळ्यात पळायचो, तरी एवढं कधीतरी नजरेला पडलंच असणार.

शेवटी त्यांनी हवा भरली. गाडीच्या दारावरच्या पट्टीवर लिहिलेली, तीस. “ह्याच्या खाली जाऊ नका. मऊ करायच्या नादात माणसं हवा काढत्यात. मग गाडी डोलती, टायर तापतंय, कडा मरत्यात. कंपनीनं लिहिलंय ते गार टायरात भरायचं, बास.”

“आणि आण्णांना काय सांगू?”

“काय सांगायचंय?”

तेव्हा मी खरं ते सांगितलं. कोल्हापूरच्या दुकानातून मीच आण्णांना हॉस्पिटलात फोन लावला होता. आण्णा, चाक केवढं घेऊ, चौदा का सतरा? आणि ते म्हणाले होते, मोठं घे, हणमा. चाक मोठं असलं की खड्डा लहान होतो.

भाभी पाना हातात धरून उभ्या राहिल्या.

“खोटं न्हाई ते. बैलगाडीला शंभर टक्के खरं. आमच्या अब्बांच्या गाडीची चाकं आण्णांनीच केली. वीस वर्षं धाव सैल झाली न्हाई. आम्ही पोरं मागं झोपून यायचो बाजारातनं.” त्यांनी पाना पेटीत टाकला. “चला, मी येते. तुम्ही बोलू नका. तुम्हांला जमायचं न्हाई.”

घरी आण्णा जागेच होते. भाभी सरळ खाटेपाशी जाऊन बसल्या.

“आण्णा, चाकं बदलली मी.”

“कशापायी? झकास हुती की.”

“दिसाय झकास हुती.”

आण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी घाईघाईनं म्हणालो, “ती जरा दुरुस्तीला दिलीत. एकाला चीर होती.”

“नव्या चाकाला चीर,” आण्णा म्हणाले. “बरं.”

त्यांनी अंगावरची चादर बाजूला केली. मग म्हणाले, “काठी दे.”

भाभी एका बाजूला, शालन दुसऱ्या बाजूला. डावा पाय ओढत ते अंगणात आले. गाडीपाशी येऊन थांबले, काठी शालनकडे दिली, एका हातानं दार धरलं आणि दुसरा हात खाली टायरकडे नेऊ लागले. वाकता येईना. तेव्हा जैबुनभाभींनी त्यांचा पंजा स्वतःच्या पंजाशी लावून मापला, त्या खाली बसल्या, आणि त्यांच्याच बोटांच्या मापानं आपली बोटं टायरवर ठेवली.

“सात,” त्या वर बघून म्हणाल्या.

“सात,” आण्णा म्हणाले. “चला.”

मी सीट मागे पाडली. शालननं कमरेशी उशी दिली आणि ती मागच्या सीटवर बसली, आण्णांच्या डोक्याशी. भाभी फाट्यापर्यंत आमच्याबरोबर आल्या. उतरताना त्यांनी खिडकीतून आण्णांच्या दंडावर हात ठेवला, आणि मला म्हणाल्या, “चाळीसच्या वर स्पीडचा काटा गेला तर आल्यावर मी तुम्हांला परत झोपवून नेणार.”

मोरीच्या तोंडाशी माझे हात स्टेअरिंगवर घट्ट झाले. गाडी खचक्यात उतरली आणि चढली. पाण्यातली होडी जरा कलावी तशी. मी आण्णांच्या तोंडाकडे पाहिलं. ते काचेतून धावणारे बाभळीचे शेंडे बघत होते.

“काढलेल्या चाकाला पाच हुती,” थोड्या वेळानं ते म्हणाले.

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. “काय?”

“बोटं. पाच हुती.”

“तुम्ही कधी मोजली?”

“हॉस्पिटलच्या दारात. तू आत बिलाच्या खिडकीशी हुतास. मला चाकाच्या खुर्चीत बसवून गाडीजवळ ठेवलं हुतं. हात बरोबर तिथंच पोचत हुता.”

“म्हणजे तुम्हांला आधीच माहीत होतं? गाडीत बसायच्या आधी?”

“चाकाचं कळतंय मला.”

“मग बोलला का नाही, आण्णा? साठ किलोमीटर. टॉवेल चावत आलात.”

एक ट्रक समोरून गेला, त्याची धूळ काचेवर बसली आणि निघून गेली.

“तू आठवीत हुतास,” आण्णा म्हणाले, “तवा मी तुला म्हणालो, ये, आरा धर. तू म्हणालास, परीक्षा हाय. त्यानंतर मी हाक मारली न्हाई. तू शिकलास, बरं झालं. मास्तर झालास, चांगलं झालं. पर एवढ्या वर्षांत चाकाचं म्हणून तू मला कधी काय विचारलं न्हाईस. तुझी आई विचारायची. गाव विचारायचं. तू न्हाई.”

ते दम घ्यायला थांबले.

“त्या दिवशी तू कोल्हापुरातनं फोन केलास. आण्णा, चाक केवढं घेऊ? शेजारच्या खाटेवरच्या माणसाला सांगितलं मी, माझ्या पोराचा फोन हाय, चाकाचं विचारतोय. आणि मी सांगितलं ते तू ऐकलंस. तीच चाकं घेऊन आलास.” त्यांनी डोळे मिटले. “आता ते चुकलं म्हणून कसं सांगू मी तुला. पुन्हा विचारलं नसतंस.”

काहीतरी बोलायला हवं होतं. भूगोलाच्या मास्तराला शब्द कमी पडत नाहीत, पण त्या वेळी एकच सुचलं.

“आण्णा, धाव किती लाल झाली की उचलायची?”

त्यांनी डोळे उघडले नाहीत.

“लाल न्हाई,” ते म्हणाले. “लालच्या अलीकडं. जांभळाच्या आतल्या रंगाची झाली की. लाल झाली म्हंजे उशीर झाला.” आणि मग ते सांगत गेले. शेणकुटं कशी रचायची, वारा कुठल्या अंगानं घ्यायचा, धाव चाकापेक्षा किती आखूड कापायची, उन्हाळ्यात किती, थंडीत किती. मी मध्ये मध्ये विचारत होतो. कवठे गेलं, देशिंगचा फाटा गेला. सांगता सांगता त्यांचा आवाज बारीक झाला. पाणी कधी ओतायचं, इथपर्यंत आले आणि थांबले.

मी पुढचं विचारणार, तेवढ्यात शालननं मागून माझ्या खांद्यावर बोट ठेवलं.

“झोपलेत,” ती कुजबुजली.

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकतो. एक सळी जराशी सरकून नसेवर आली होती. त्याच संध्याकाळी डॉक्टरांनी ऑपरेशनला आत घेतलं, आणि आण्णा त्यानंतर सहा वर्षं दोन्ही पायांवर चालले. पण मला तो दिवस आठवतो तो तिथपर्यंत जात नाही. तो रस्त्यावरच थांबतो.

मिरजेत शिरलो तेव्हा सव्वातीन वाजले होते. रस्ता जागोजागी उकरलेला, एका बाजूला खडीचे ढीग. गाडी त्यावरून चालली आणि आण्णांचं डोकं उशीवर नुसतं इकडून तिकडे झुललं. तोंड किंचित उघडं होतं. हात मांडीवर मोकळे पडले होते. पडल्या दिवसापासून सात आठवड्यांत त्यांना गोळीवाचून झोपलेलं आम्ही पाहिलं नव्हतं.

हॉस्पिटलचं फाटक आलं. रखवालदारानं आडवी दांडी वर केली आणि आत या म्हणून हात हलवला.

मी त्याला मान हलवून नाही म्हटलं. चारला अजून पाऊण तास होता. गाडी पुढे तशीच हळू नेली, किल्ल्याच्या अंगानं वळवली, तळ्याला वळसा घातला आणि पुन्हा त्याच फाटकासमोर आणली. रखवालदारानं पुन्हा दांडी उचलली. मी शालनकडे आरशात पाहिलं.

“आणखी एक,” ती म्हणाली.